पायाचं माप

काचीगुडा, हैदराबाद
४ ऑगस्ट २०२५

ती. दादा यांस,
जय भीम.

पहिल्या ओळीतच लिहितो, बाबा जिवंत आहेत. हे वाक्य दोनदा वाच आणि मगच पुढे जा.

तू माझा नंबर बंद केलास त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. तुझी शाळा तेलुगूतली, मराठी वाचताना तू अजून ओळीखाली बोट धरत असशील. नाही जमलं तर दीपमालावहिनी वाचून दाखवतील. मी दहावीला दोनदा बसलो आणि दोनदा गणितात गेलो, पण मराठीच्या वहीत बाईंनी मला कधी लाल रेघ मारली नाही. तेवढं एक मला नीट येतं.

बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतो. हृदयही कमजोर आहे. या वेळी मी डॉक्टरांना तीनदा विचारलं आणि त्यांनी सांगितलं ते त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतलं. ते म्हणाले, "दिवस सांगता येत नाही. भेटायचं असेल त्यांनी भेटून घ्यावं." शब्द त्यांचेच आहेत, मी वाढवलेले नाहीत.

दादा, बाबा बोलत आहेत, माणसं ओळखतात, चहा मागतात, तेवढ्यात ये. माझं एवढंच मागणं आहे.

त्या दिवसाबद्दल आपलं बोलणं झालंच नाही. तू ओरडलास आणि मी ऐकलं. आता एकदा सगळं लिहून काढतो.

बाबा आयसीयूत होते. नळ्या लावलेल्या. डॉक्टर म्हणाले होते की एक-दोन तास. तू सौदीत, दम्माममध्ये. आदल्या दिवशी तू रडत म्हणाला होतास, "बाप सिरियस आहे म्हणून कंपनी सोडत नाही. मेला असला तर सोडते." मी पेटीच्या धंद्यात, मयत गार ठेवायची काचेची पेटी घरोघर पोचवणारा. रोज बघतो की आजारी माणसाकडे कुणी येत नाही आणि पेटीतल्या माणसाकडे सगळे येतात, विमानाने येतात, काचेवर डोकं टेकून रडतात. मी विचार केला की दोन तासांनी जे खरं होणारच आहे ते दोन तास आधी सांगितलं तर दादा वेळेत निघेल. म्हणून मी तुला फोनवर म्हटलं, "बाबा गेले."

मग मी माझ्या मालकाच्या, मल्लेशमअन्नाच्या, गौलीगुड्याच्या दुकानातून पेटी घरी आणली. माणूस ठेवण्याआधी पेटी तासभर चालू ठेवून गार करावी लागते. मी काच पुसली, प्लगवर चिकटपट्टी लावली की कुणाच्या पायात वायर येऊन निघू नये. समोरच्या जहांआरा खाला दारात आल्या आणि म्हणाल्या, "डब्बा तो आ गया रे, मय्यत किधर है?" मी म्हटलं, येईल.

मय्यत आली नाही. बाबांनी संध्याकाळी डोळे उघडले. तू दुसऱ्या दिवशी शमशाबाद विमानतळावरून टॅक्सी करून आलास तेव्हा रिकामी पेटी घरघरत होती, आणि मी तुला आनंदाने सांगितलं की बाबा वाचले. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू आधी हसलास. मग माझ्या थोबाडीत मारलीस. मला ते बरोबरच वाटलं. पुढे कंपनीने मयताचा दाखला मागितला. तो कुठून आणणार? तुझी नोकरी त्यात गेली. जाताना तू म्हणालास, "पुन्हा कधी बाबा मेले म्हणून सांगितलंस तर मी येणार नाही. खरंच मेले तरी येणार नाही. जिवंत असतील तेव्हा बोलव, कुठूनही येईन."

म्हणून बोलवतो आहे. मनमाडची गाडी आहेच, नाशिकहून तुला सोपी पडेल.

तुझा,
कुलदीप


काचीगुडा
१९ ऑगस्ट २०२५

ती. दादा यांस,
जय भीम.

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालतो.

बाबांचे पाय फार सुजले आहेत. बोटाने दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. कुठली चप्पल चढत नाही. जुन्या चपलेचा पट्टा त्यांनी स्वतः ब्लेडने कापला आणि ती सुतळीने बांधून वापरतात. तीस वर्षं रेल्वेत गँगमन होते, रोज रुळावरून कोसभर चालणारा माणूस. आता संडासापर्यंत जातात आणि परत आल्यावर गाडी फलाटाला लागल्यासारखी शिट्टी मारतात.

पेटीची गोष्ट जहांआरा खालांनीच त्यांना सांगितली होती. मला वाटलं होतं ते रागावतील. ते इतके हसले की खोकला लागला. तेव्हापासून दोन वर्षं त्यांचं हेच चालू आहे. कुणी तब्येत विचारली की म्हणतात, "मी मेलोय की. माझ्या धाकट्याला इचारा. हे वरचं खातं चालू हाय." रोज उठून स्टेशनसमोरच्या इराण्याकडे जायचे, ज्यांच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं त्या लोकांना चहा पाजून यायचे. पूर्ण्याला सखूआत्याकडे जाऊन जमिनीच्या बांधाचं जुनं भांडण मिटवून आले. मेल्यानंतर माणूस इतका मोकळा होतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

मी मात्र तसा नाही झालो. तुला खरं सांगतो. मला बाबांकडे बघितलं की पेटीच दिसते. ते झोपले की मी त्यांच्या छातीवरची चादर हलते का ते बघत बसतो. जेवताना बघतो. रस्त्यावर कुणाला बघितलं तरी मनात येतं की याची उंची पाच फूट आठ, मोठी पेटी लागेल. कुणाच्याही घरी गेलो की लोकांचे चेहरे बघायच्या आधी पेटीसाठी पंधरा अँपिअरचं सॉकेट शोधतो. परवा हिमायतनगरला एका फ्लॅटमध्ये एक म्हातारी दोन दिवस पेटीत होती, मुलगा परदेशातून यायचा होता. तो आला, काच उघडायला लावली, तिचा हात धरला आणि दचकून सोडला. इतका गार असेल हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. मला माहीत आहे आणि ते माहीत असून कसं जगायचं ते कळत नाही.

हे बाबांना बोललो. ते म्हणाले, "आरं, मरायचं ते एकदाच मरू दे की मला. तू रोजच्या रोज मारायलास."

मी म्हटलं, तुम्हाला भीती नाही वाटत का?

"वाटती की. रातच्याला रुळावर असायचो, तवाबी वाटायची. गँगमनला गाडी कुठून आली, कुठं चालली ते काय ठाव नसतंय. आपल्या वाट्याचा तुकडा हाय, तेवढा ठोकून-ठाकून नीट ठिवायचा. गाडी गेली की घरी यायचं, भाकर खायची."

"मला माझा तुकडाच दिसत नाही बाबा," मी म्हटलं.

"तू वाकून बघतच नाहीस," ते म्हणाले आणि पाय वर उचलून द्यायला सांगितलं.

एक गोष्ट त्यांनी मला शपथ घालून सांगितली आहे ती तुला कळवतो. पेटी नको. "मला ताटकळत ठिवू नको त्या गारठ्यात. जे हायेत ते हायेत. त्याच दिवशी अंबरपेटच्या मसणात न्यायचं." तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण ते बोलताना दाराकडे बघत होते.

ये दादा.

तुझा,
कुलदीप


काचीगुडा
२ सप्टेंबर २०२५

ती. दादा यांस,
जय भीम.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. अक्षर वहिनींचं आहे पण बोलणं तुझं आहे हे लगेच कळलं. "२१ तारखेला सकाळी पोचतो. त्याआधी रजा नाही. इथे सुजलेल्या पायांसाठी मऊ बूट करून देणारा एक माणूस आहे. बाबांच्या पायाचं माप कागदावर काढून पाठव." मी ते कार्ड बऱ्याच वेळा वाचलं.

माप सोबत जोडलं आहे. दोन्ही पायांचं वेगळं काढलं आहे, कारण डावा जास्त सुजला होता. कागद फरशीवर ठेवून पेन्सिल सरळ उभी धरली. करंगळीच्या बाजूला जिथे हाड बाहेर आलं आहे तिथे बाण केला आहे. कारागिराला सांग की पट्टा वरून उघडणारा हवा. कागद ओढताना पेन्सिल टाचेला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "गुदगुल्या करायलास का?" तू येणार हे सांगितलं तर चेहरा बदलला.

सखूआत्या पूर्ण्याहून आली आहे. थोडे दिवस राहील. तिच्या येण्याने घरात काम करणारं माणूस झालं. डायलिसिसला आता जात नाही. त्रास व्हायचा, तो बंद झाला.

मी कामावर गेलेलो नाही. मल्लेशमअन्ना म्हणाले, "जितने दिन होना उतने दिन ले."

घर फार शांत आहे. बाकी ठीक.

तुझा,
कुलदीप


काचीगुडा
११ सप्टेंबर २०२५

ती. दादा यांस,
जय भीम.

दुसरं कार्डही मिळालं. तू विचारलंस ते लिहितो.

सूज आता वाढत नाही. कागदावर आहे तेच माप धरा.

रंग काळाच असू दे. तपकिरी त्यांना आवडत नाही.

फोनवर बोलणं जमणार नाही. ऐकायला कमी येतं आणि ते चिडतात. समोरासमोरच बरं.

वहिनींनी विचारलं की शेंगदाण्याची चटणी चालेल का? पाठव म्हणावं. मी खाईन.

"बाबा काय म्हणतात ते लिही," असं तू लिहिलं आहेस. म्हणतात की पोरगं येणार तर मी स्टेशनवर जाणार. आपण लहानपणी सुट्टी संपवून पूर्ण्याहून यायचो तेव्हा ते ड्युटीचा हिरवा झेंडा काखेत धरून फलाटावर उभे असायचे, आठवतं ना? तसंच म्हणतात. मी म्हटलं, पाय बघा तुमचे. तर म्हणाले, नवीन बूट येणार आहेत.

एवढंच.

तुझा,
कुलदीप


काचीगुडा स्टेशन
२१ सप्टेंबर २०२५, रविवार, सकाळ

ती. दादा यांस,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. गाडी पन्नास मिनिटं उशिरा आहे आणि मी बाकावर बसून लिहितो आहे. तू उतरलास की ते तुझ्या हातात देईन, कारण तोंडाने मला सांगता येणार नाही. मी तोंडाने सांगितलेलं तू आधी एकदा ऐकलं आहेस. वहिनी बरोबर नसतील, म्हणून आज अक्षर आणखी मोठं काढलं आहे.

बाबा २९ ऑगस्टला गेले. शुक्रवारी दुपारी साडेबाराला. आता दोनदा वाच.

मी पाय चेपत होतो. त्यांनी पाणी मागितलं, मी आणायला उठलो, परत आलो तर चादर हलत नव्हती. दोन वर्षं मी त्या चादरीकडे बघत होतो आणि त्याच वेळी माझं तोंड माठाकडे होतं. पुढे काय करायचं ते मला शहरात कुणापेक्षाही जास्त माहीत होतं, तरी मी तांब्या धरून उभाच राहिलो.

मल्लेशमअन्नाला जहांआरा खालांनी फोन केला. त्यांनी न मागता पेटी पाठवली, सगळ्यात नवीन, मोठी. ट्रॉलीवाला पोरगा म्हणाला, "कहाँ लगाऊँ अन्ना?" मी बाबांकडे बघितलं. त्यांना पेटीत ठेवायचं तर कुणासाठी? तुझ्यासाठी. आणि तुला काय सांगायचं? तेच दोन शब्द. तू म्हणाला होतास, मेले म्हणून सांगितलंस तर येणार नाही. मला वाटलं, बाबा गारठ्यात दोन दिवस दाराकडे तोंड करून राहतील आणि तू येणार नाहीस. मी पेटी परत पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा मयत असलेल्या घरातून रिकामी पेटी परत पाठवली. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, आणि संध्याकाळच्या आत अंबरपेटला नेलं. ते म्हणाले होते तसंच केलं. मी बरोबर केलं असं मला अजून वाटत नाही.

आत्या रात्री पोचली आणि दारातच म्हणाली, "कुलदीप्या, धम्मा कुठंय?" मी म्हटलं, रजा मिळाली नाही. तिचा लेक तुला फोन लावायला निघाला तर मी त्याचा हात धरला. म्हटलं, मी सावकाश सांगतो. त्याला वाटलं मी जबाबदार भाऊ आहे.

दुसऱ्या दिवशी तुझं कार्ड आलं.

मी लगेच कागद घेतला आणि "बाबा" असं लिहिलं. पुढचा शब्द लिहिताना हात थांबला. एकदा तोच शब्द खोटा बोललो होतो, आता खरा लिहायची वेळ आली तर माझ्याकडे तो शिल्लकच नव्हता असं वाटलं. आणि कार्ड समोर होतं. कुणीतरी नाशिकमध्ये बाबांसाठी बूट करून घेत होतं. सगळ्या जगात त्या एकाच ठिकाणी बाबांना अजून पाय होते. मला ते मोडवेना.

म्हणून माप काढलं. त्यांची कापलेली चप्पल आत्याने बाहेर ठेवली होती, कुणाला तरी देऊन टाकायला. ती मी आत घेतली. आत त्यांच्या पावलाचा काळा ठसा आहे, बोटं सगळी दिसतात. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. सुजेसाठी चारही बाजूंनी अर्धं बोट वाढवलं. डावीकडे थोडं जास्त. ते गुदगुल्यांचं वाक्य मी रचलं. स्टेशनवर येतो म्हणाले ते वाक्यही मी रचलं. ते लिहिताना मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, खरंच येत होता, आणि तेवढा वेळ मला बरं वाटत होतं. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं की पुन्हा सगळं बंद व्हायचं.

त्या वेळी मी जिवंत माणसाला मेलेला म्हटलं. या वेळी मेलेल्या माणसाला जिवंत ठेवलं. दोन्ही वेळा तू यावास म्हणून. दोन्ही वेळा तू निघालास. आणि दोन्ही वेळा तू ज्यासाठी निघालास ते इथे नाही.

५ तारखेला जलदान विधी झाला. तुझ्या जागी कुणाला बसवलं नाही. जागा तशीच ठेवली. भंतेजी अनित्याबद्दल बोलले, सगळं जातं, म्हणून आहे ते नीट करावं. सगळे माना डोलावत होते. मलाही पटतं ते, दादा. पण पटून काही होत नाही. बाबांना पटलं आणि त्यांनी दोन वर्षं लोकांना चहा पाजला. मला पटलं आणि मी सॉकेट शोधत बसलो. त्यांनी दोन वर्षं वरची म्हणून जगून घेतली, आणि मी त्याच दोन वर्षांत रोज त्यांना अंबरपेटला पोचवत होतो. ते म्हणाले तेच खरं होतं. मी त्यांच्याबरोबर एकदाही इराण्याकडे गेलो नाही. बोलवायचे. मी म्हणायचो, तुम्हाला दम लागेल.

पाकिटात अजून एक कागद आहे. मयताचा दाखला. तुझ्या कंपनीने मागितला तेव्हा माझ्याकडे नव्हता. आता आहे, सही-शिक्क्यासह. नाव, तारीख, वय मी तीनदा तपासलं. तुला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज पडू नये म्हणून आणला आहे.

तू मारलंस तरी चालेल. परत गेलास तरी चालेल, दुपारी गाडी आहे, मी चौकशी करून ठेवली आहे. आत्या घरी वाट बघते आहे, भाकरी करते आहे. तिला आज सकाळी सगळं सांगितलं. तिने फक्त पीठ जास्त घेतलं. घरी आलास तर बूट आण. चपलेशेजारी ठेवू. माप बरोबर आहे की नाही ते मला बघायचं आहे, अंदाजाने वाढवलं होतं.

गाडीची घोषणा झाली. लोक उठून उभे राहायला लागलेत. इंजिन दिसतं आहे.

दादा, तू डब्याच्या दारात उभा असशील, हातात बुटांची पिशवी असेल, आणि मी दिसलो की तू आधी माझ्या मागे बघशील. माझ्या मागे बघू नकोस. या बाकावर बस आणि हे वाच. बोट धरून वाच, तुला वेळ लागेल, लागू दे. तोवर मी तिकडे रुळाकडे तोंड करून उभा राहतो.

कुलदीप